लाल टोप्यांच्या रानात कॅमेरा

जालना जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, असं निघण्याआधी मला पुण्यातल्या सात जणांनी विचारलं. परत आल्यावर एकानेही विचारलं नाही. कारण तोवर पुण्यातच राहिलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी, मावसभावाकडून ऐकलेला सगळा वृत्तान्त सातही घरी फोन करून कळवला होता. तिने तो थोडा वाढवून सांगितला असणार, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तिने माझी लाज राखायला बराच भाग गाळला आहे. तो गाळलेला भाग खाली देतो.

निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात मी कॅमेरा घेतला. चांगला, जाडजूड, गळ्यात घातला की मान आपोआप नम्र होते असा. त्याच्या डोक्यावर एक गोल चकती असते. चकतीवर एक हिरवा चौकोन असतो, तो 'ऑटो'. तिथे ठेवला की कॅमेरा सगळं स्वतः ठरवतो, आपण फक्त बटण दाबायचं. बाकीच्या जागी अक्षरं असतात. तिथे गेलं की सगळं आपण ठरवायचं आणि कॅमेऱ्याने फक्त सोसायचं. शनिवार-रविवारच्या वर्गाला मी फी भरून गेलो. तिथले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "ज्याला हिरव्या चौकोनावर राहायचंय त्याने कॅमेरा घेऊ नये, टोस्टर घ्यावा." हे वाक्य मला इतकं लागलं की त्या दिवसापासून मी हिरव्या चौकोनाकडे, परक्या बाईकडे बघू नये तसं, बघायचंच सोडून दिलं.

सरांचा दुसरा मंत्र असा, की फोटोत एकच गोष्ट रेखीव हवी, मागचं सगळं लोण्यासारखं वितळलं पाहिजे. त्यासाठी चकती 'ए'वर न्यायची आणि लेन्सचं भोक जेवढं मोठं होईल तेवढं उघडायचं. मला लोणी जमायला लागलं होतं. गल्लीतली कुत्री, कुंड्या, सोसायटीचा वॉचमन, सगळं वितळवून झालं होतं. आता नवा मुलूख हवा होता.

बदनापूर

पहिला मुक्काम सलीमभाईंकडे. पुण्याच्या ऑफिसात आम्ही वीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी, बदनापूरला आले. सकाळी चहाच्या आधीच मी त्यांना अंगणात बसवलं आणि अगदी जवळून त्यांचा फोटो काढला. चकती अर्थातच 'ए'वर. भाभींनी मागच्या पडद्यावर बघितलं.

"नाक तो बराबर आयी," त्या म्हणाल्या. "बाकी मियाँ किधर हैं?"

खरोखरच सलीमभाईंच्या नाकाचा शेंडा रंध्रारंध्रासकट रेखीव आला होता आणि तिथून मागे त्यांचं लोणी होत गेलं होतं. कानांच्या जागी दोन ढग होते.

"यह कलात्मक आहे भाभी," मी म्हणालो. घाबरलो की मी दोन भाषा एकाच वाक्यात बोलतो.

"होंगा," भाभी म्हणाल्या. "पन आधार कार्ड पे नईं चलेंगा."

मग मी परसात गेलो. भाभींनी तिथे घरापुरती भेंडी लावलेली. भेंडीचं फूल पुण्यात कोण बघतो? आपण थेट भाजी बघतो. फिकट पिवळ्या पाच पाकळ्या आणि आत खोलवर वांगी रंगाचा डाग. मी गुडघे टेकले. फक्त एक अडचण होती. फुलाच्या मधल्या दांडीवर पिवळी भुकटी चिकटलेली असते, ती फोटोत कचऱ्यासारखी दिसत होती. सर म्हणायचे, विषय स्वच्छ हवा. माझ्याजवळ लेन्स झाडायचा मऊ ब्रश होता. त्याने मी दहा-बारा फुलं नीट झाडून घेतली.

"अजी सुनो," भाभी आतून सलीमभाईंना म्हणाल्या, "तुम्हारे दोस्त भेंडी को झाडू मार रहे."

"मारने दे," सलीमभाई म्हणाले. "ऑफिस में भी येइच करता था. काम सोड के बाकी सब साफ."

हसनाबादच्या वाटेवर

न्यायला दत्ता आला, मोटरसायकल घेऊन. दत्ता म्हणजे बायकोचा मावसभाऊ, हसनाबादच्या जवळ शेती करतो. मी त्याचा दाजी. ही पदवी किती वजनदार आहे ते मला पुढे कळलं. पुण्यात जावयाची मुदत पहिल्या दिवाळसणाला संपते. नंतर तो नळ गळतोय का ते बघणारा माणूस होतो. इकडे लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी जावई हा जावईच राहतो. दत्ताने माझी पिशवी मला उचलू दिली नाही, रस्त्यात टपरीवर माझ्यासाठी रुमालाने बाकडं पुसलं, आणि मी चुकीच्या बाजूने मोटरसायकलवर चढत होतो तरी काही बोलला नाही.

भाद्रपदाचे दिवस. पाऊस उघडलेला, काळी जमीन अजून ओली. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, मध्येच कपाशी, मध्येच पिवळं पडत चाललेलं सोयाबीन. हे सगळं पळताना टिपावं म्हणून मी मागे बसल्या बसल्या चकती 'एस'वर आणली. म्हणजे झडप किती वेळ उघडी ठेवायची ते आपण ठरवायचं. मी भरपूर उघडी ठेवली. एका ठिकाणी थांबून दत्ताने फोटो बघितले. सगळ्या फोटोंत हिरव्या आणि काळ्या आडव्या रेघा होत्या.

"दाजी," तो फार जपून म्हणाला, "हे आमचं रान हाय का टीव्ही बिघडल्याला हाय?"

प्लॉट

जेवायला धपाटे, घट्ट दही आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. तिसऱ्या धपाट्यानंतर मी नको म्हणालो. सुनीतावहिनींनी चौथं वाढलं. पुण्यात 'नको' हे उत्तर असतं, इथे ती सूचना असते आणि फेटाळली जाते.

सुनीतावहिनी म्हणजे दत्ताची बायको. बारीक अंगाची, झपझप चालणारी. जेवता जेवता कळलं की या वर्षी त्यांनी भेंडीच्या बियाण्याचा प्लॉट घेतलाय. खायची भेंडी नव्हे. एका कंपनीसाठी संकरित बी तयार करायचं. आजवर असे प्लॉट दत्ताच्या नावावर असायचे आणि राबायच्या वहिनी. यंदा पहिल्यांदा करार वहिनींच्या नावावर झाला होता.

"उद्या सकाळी कंपनीचे साहेब येऊन राह्यले बघायला," दत्ता म्हणाला. "त्यांनी पास केला तर पुढं. भेसळीचा संशय जरी आला, तर प्लॉट जागेवर रद्द करतेत. मंग पुन्यांदा हिच्या नावावर कोणी प्लॉट देत न्हाई."

"देतेत कसे न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पास व्हईल की."

दुपार कलल्यावर आम्ही रानात गेलो. आठ-दहा बाया ओळीने भेंडीत शिरल्या होत्या आणि हाताचा पिसारा करून भराभर काहीतरी करत होत्या. त्यांच्यामागे सगळं रान लाल ठिपक्यांनी भरत चाललं होतं. जवळ जाऊन बघतो तो प्रत्येक झाडाच्या एकेका कळीवर लाल कागदाची चिमुकली टोपी.

वहिनींनी मला सगळं समजावून सांगितलं. फार छान सांगितलं असणार. मी मान हलवत होतो आणि त्याच वेळी चकती फिरवत होतो, कारण ऊन सोनेरी व्हायला लागलं होतं आणि सरांनी त्या वेळेबद्दल बजावून ठेवलं होतं. 'टोपीला तेवढा हात लावू नका' हे वाक्य वहिनी दोनदा बोलल्या, असं नंतर दत्ताने सांगितलं. मला फक्त 'टोपी' ऐकू आलं आणि मी मोठ्याने म्हणालो, "सुंदर!"

बाया पुढे गेल्या. मी मागे राहिलो, काम झालेल्या ओळींत.

पहिले काही फोटो घाईत निघाले. फ्लॅशची पातळ पापणी आपोआप वर उभी राहिली आणि लख्ख उजेड पडला. लांबून एक बाई ओरडली, "आगं, ईज पडली का काय!" ती रुखमाबाई, बायांची मुकादम. मी खाली बघितलं तर चकती हिरव्या चौकोनावर. फिरवता फिरवता नको तिथे गेली होती. पंचवीसेक फोटो टोस्टरवर निघाले होते. शरमून मी ती 'ए'वर आणली.

पण लोणी जमेना. लाल टोपी म्हणजे फोटोत नुसता कागद. मी एक टोपी हळूच उचलली. खाली काय दिसावं! पाकळ्या नाहीत, काही नाही. उघड्या पांढऱ्या दांडीवर मखमली, गडद तांबडा झुबका, जणू एवढ्याशा राणीच्या डोक्यावरचा तुरा. मी टोपी खिशात टाकली. झुबक्यावर धूळ असेल म्हणून ब्रशने हलकेच झाडला. फोटो काढला. मागचं सगळं रान लोणी.

पुढची टोपी. पुढचा झुबका. ब्रश, फोटो. तासाभरात मी तीन ओळींत शंभरेक फोटो काढले. आणि मी काही आडमुठा पाहुणा नव्हे. निघताना प्रत्येक टोपी ज्याची त्याला परत घातली. उघडं काहीच ठेवलं नाही.

टीव्हीवर

दिवेलागणीला मी कार्ड काढून टीव्हीला जोडलं. दत्ता, वहिनी, आणि उद्याचं काम विचारायला आलेली रुखमाबाई असे प्रेक्षक. रुखमाबाईने पदर सावरून बैठक मारली. आधी सलीमभाईंचं नाक आलं, टीव्हीभर. त्यालाही सगळ्यांनी मान डोलावली. जावयाने आणलेलं नाक होतं ते.

मग प्लॉटचे फोटो. लाल टोप्या. वहिनी खूश. "आमचं रान टीव्हीवर आलं गं रुखमामाय!"

मग पहिला उघडा झुबका आला.

वहिनींचं हसू जागच्या जागी राहिलं. "दाजी, टोपी कुठं हाय?"

"खिशात होती. पण परत घातली हां सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हंजे?"

"साधारण शंभर."

रुखमाबाईने पदर तोंडात धरला. वहिनी टीव्हीजवळ गेल्या. "फूल इतकं साफ कसं दिसून राह्यलं?"

"ब्रशने झाडलं," मी अभिमानाने म्हणालो आणि ब्रश काढून दाखवला.

ब्रशचे पांढरे केस पार पिवळे झाले होते.

"हे पिवळं कशाचं?"

"बदनापूरच्या भेंडीचं असेल. सकाळी तिथली फुलं पण झाडली ना."

वहिनींनी ब्रश माझ्या हातातून काढून घेतला. शेवटी दत्तानेच, खालमानेने, वहिनींनी मला दुपारी सांगितलेलं पुन्हा सांगितलं. संध्याकाळी बाया कळीतला नर भाग नखाने काढून टाकतात. मादी भाग तेवढा ठेवून वर टोपी घालतात, म्हणजे माशी बसून भलता पराग लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून ठरलेल्या नर झाडाचं फूल त्यावर फिरवायचं आणि खूण म्हणून धागा बांधायचा. एवढ्या सगळ्या बाया एवढे सगळे दिवस एकाच गोष्टीसाठी राबत होत्या. बाहेरच्या भेंडीचा पराग त्या झुबक्याला लागू नये, यासाठी. आणि मी तो बदनापूरहून आणून, मऊ ब्रशने, एकेका फुलाला प्रेमाने लावला होता. वर पुन्हा टोपी घातली होती, म्हणजे कुठे लावला ते कळायला नको.

आता वहिनी काय बोलतील म्हणून मी डोळे मिटले. पण जावयाला बोलायचं कसं? वहिनींनी माझ्या मांडीवरचा कॅमेरा उचलून समोरच्या स्टुलावर ठेवला आणि त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"काय रे ए मशीन," त्या कॅमेऱ्याला म्हणाल्या, "तुला डोळा एवढा मोठा दिला देवानं, अक्कल कामून न्हाई दिली? दोन महिने लेकरावानी जपलं म्या ते रान. एका बाईला तंबाकू खाऊन हात लावू देला न्हाई. अन् तू टोप्या काढतो? झाडू मारतो?"

कॅमेरा गप्प.

"बोल की आता! दुपारी सांगत व्हते तव्हा ध्यान कुठं व्हतं तुझं?"

"चकती फिरवत होता," मी कॅमेऱ्याच्या वतीने हळूच म्हणालो. "चुकलं म्हणतोय."

"त्याला म्हनावं, चुकलं म्हणून भागत न्हाई," वहिनी म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "आता कोणची फुलं ते दाखीव म्हनावं."

खरंच की! फोटो होतेच. मी उत्साहाने सुरुवातीपासून लावले. हिरव्या चौकोनावर निघालेले फोटो आले. त्यांत सगळं रेखीव होतं, पुढचं, मागचं, बांधसुद्धा. माझ्या दृष्टीने भिकार. रुखमाबाई पुढे सरकली.

"हा पांढऱ्या दगडापासचा बुडखा. ही काठी चौथ्या ओळीची. हितं मही पाण्याची बाटली दिसती." पण या फोटोंत सगळ्या टोप्या जागेवर होत्या. टोस्टरने एकीलाही हात लावला नव्हता.

मग 'ए'वरचे आले. तांबडे झुबके, एकाहून एक. मागे नुसतं हिरवं-सोनेरी धुकं.

"हे कुठलं?" वहिनींनी विचारलं.

"ते... कळत नाही. मागचं वितळवलंय."

"कामून?"

"सुंदर दिसावं म्हणून."

रुखमाबाईने दहा-बारा फोटो डोळे बारीक करून बघितले. मग ती मागे टेकली. "पावनं, तुमच्या फोटूत फूल हाय, पर वावर न्हाई. फुलाला वावर नसलं तर हुडकावं कुठं?"

माझ्या सगळ्या वर्गात एवढी नेमकी टीका कोणी केली नव्हती.

टोस्टरवरच्या फोटोंचा एक उपयोग झाला. मी कुठून शिरलो आणि कुठल्या ओळीत होतो, ते त्यांवरून पक्कं कळलं. चौथी, पाचवी आणि सहावी. त्यातली शंभर फुलं कुठली, ते ओळखायला मार्ग नव्हता.

"दुपारी टोपी घातल्यालं समदं खुडायचं," वहिनी म्हणाल्या. "तिन्ही ओळी."

"सगळंच?" दत्ता कळवळला. "आगं, उद्या साहेब येऊन राह्यले. ओळी भुंड्या दिसतीन. त्याच्यापेक्षा राहू दे, कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," वहिनी म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.

पुन्हा प्लॉट

उजाडता उजाडता, माशा उठायच्या आत, सगळे रानात. मीही बाह्या सरसावून गेलो. बांधावर एक प्लॅस्टिकची खुर्ची माझ्या आधी पोचलेली होती.

"बसा दाजी," वहिनी म्हणाल्या.

"मीच केलंय, मीच खुडतो."

"पावनं," रुखमाबाई मध्ये पडली, "खुर्चीत लई शोभता तुम्ही. तिथंच शोभा."

तेव्हा मी शोभलो. समोर तीन ओळींतून फुलं खुडल्याचा टच् टच् आवाज येत राहिला. प्रत्येक 'टच्' सरळ माझ्या छातीत वाजत होता. लाल टोप्यांचा ढीग खुर्चीच्या पायाशी येऊन पडायला लागला. वहिनींचा हात एकदाही थांबला नाही. पण पाचव्या ओळीच्या टोकाशी त्या जरा उभ्या राहिल्या, डोळ्यांत काही गेल्यासारखं पदराने टिपलं आणि पुढच्या झाडाला लागल्या. ते मी बघितलं. फोटो काढला नाही. चकती कुठे होती तेही मला माहीत नव्हतं.

नऊच्या सुमाराला साहेब आले. तिशीतला माणूस, पायात गमबूट, खिशात भिंग, काखेत कागद अडकवलेली पाटी. पहिल्या तीन ओळी बघून मान डोलावत आले आणि चौथीपाशी थांबले.

"ह्या तीन ओळी कशानं मोकळ्या झाल्या?"

दत्ता आभाळाकडे बघायला लागला. वहिनी पुढे झाल्या.

"साहेब, आमचे दाजी आल्ते पुण्याहून. त्यांनी टोप्या काढून फोटू काढले. वरून बाहेरच्या भेंडीचा ब्रश लागला. कोणत्या फुलाला लागला कळंना, म्हून समदी खुडली आज सकाळी. बाकीच्या रानात ते शिरले न्हाईत. हे एवढं असं हाय. आता तुम्ही म्हनाल ते."

साहेब माझ्याकडे वळले. "फोटो बघू."

मी कॅमेरा दिला. ते झुबके बघत गेले, एकेक मोठा करून. कपाळाला आठी. बायांनी हात थांबवले. वहिनींच्या मुठीत एक लाल टोपी चुरगळत चालली होती.

"नर भाग कोणी काढला ह्यांचा?"

"आम्हीच. बाया अन् मी."

"एक तंतू राह्यला न्हाई," साहेब म्हणाले. "मी भिंग घेऊन फिरतो तरी मला इतकं दिसत न्हाई. एवढी साफ काढणी ह्या भागात कोणाची न्हाई बघितली." त्यांनी कॅमेरा परत दिला, सावकाश सगळं रान फिरून आले, शंभर ठिकाणी टोप्या उचलून भिंगातून बघितलं. मग बांधावर बसून कागद पुढे घेतला. "ताई, तुम्ही खुडलं नसतं अन् मला मागून कळलं असतं, तर मी आजच काट मारली असती. प्लॉट पास."

रुखमाबाईने मोठ्याने "आई तुळजाभवानी!" म्हटलं. वहिनी मटकन बांधावर बसल्या आणि इतका वेळ धरून ठेवलेलं हसू एकदम सुटलं.

साहेब भरता भरता एका ओळीवर अडले. फुलं कमी असण्याचं कारण. पुढे चार चौकोन छापलेले होते. कीड. रोग. हवामान. जनावर. पेन चारही चौकोनांवरून एकदा फिरून आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे.

"ताई, जावई असा रकाना न्हाई ह्यात."

"मंग जे जवळचं असंल त्याच्यावर करा खूण," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी 'जनावर'वर खूण केली. खाली वहिनींनी सही केली, आणि साक्षीदार म्हणून मी.